हवेतून पाठवलेलं गाव

दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक आधी माझ्याकडे बघतं, मग माझ्या मागं बघतं आणि विचारतं, "मिस्त्री कुठंयत?" नांदेडात दुकान टाकल्यापासून मी हा प्रश्न ऐकते आहे. सुरुवातीला मी तणतणत म्हणायची, "मीच मिस्त्री." आता म्हणते, "जेवायला गेलेत, बसा," आणि मशीन हातातून काढून घेऊन उघडायला लागते. काम झालं की गिऱ्हाईक खूश होऊन सांगतं, "मिस्त्रीला सांगा बरं का, बिलकुल नव्यासारखं केलं." मी "सांगते" म्हणते. माझा नवरा मुदखेडला रेल्वेत आहे. घरी आला की त्यालाच सगळे निरोप सांगून टाकते, आणि तोही मिस्त्री असल्याच्या थाटात मान डोलावतो.

आयटीआय कुठल्या साली केलं, पहिली सोल्डरिंग कुणी शिकवली, हे सगळं मी इथं सांगत बसणार नाही. रेडिओ गेले, टेप गेले, मोबाइल आले, आणि मग एक दिवस इंजिनिअरिंगच्या होस्टेलमधून एक मुलगी डब्यासारखं मिटणारं, दोन पडद्यांचं गेमचं मशीन घेऊन आली. तिला त्यात गेम भरायचा नव्हता. तिचा स्वतःचा साठवलेला खेळ बाहेर काढून जपून ठेवायचा होता. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी छातीठोकपणे म्हटलं, "परवा या." ते दोन दिवस मी जेवण सोडून त्या मशिनीत डोकं घातलं, आणि त्यानंतर आजपर्यंत बाहेर काढलेलं नाही.

बाहेरच्यांसाठी थोडं समजावून सांगते. ही मशीनं बनवणाऱ्यांनी त्यांना आतून कुलूप घातलेलं असतं. आम्ही देऊ तेवढंच त्यात चालेल, बाकी नाही. ते कुलूप काढलं की मशीन आपलं ऐकायला लागतं. चोरीचे गेम भरून मागणारे रोज येतात, त्यांना मी दारातूनच वाटेला लावते. माझं काम म्हणजे लोकांनी वर्षानुवर्षं खेळून जमवलेलं जपणं. गडबड अशी की फाइल ठेवायचं कार्ड मागच्या झाकणाखाली असतं, आणि झाकणाचे स्क्रू लोण्यासारखे मऊ. एकदा चुकीचा पेचकस फिरला की स्क्रूचं डोकं गोल होतं आणि झाकण जन्माचं बंद. म्हणून मग फाइल हवेतून पाठवायची. मशिनीत एक छोटा प्रोग्रॅम चालू करायचा. तो जणू दार उघडून बसतो आणि पडद्यावर एक नंबर दाखवतो. मी त्याला घरनंबर म्हणते. तो नंबर लॅपटॉपमध्ये टाकायचा, दोन्ही एकाच वायफायवर असले पाहिजेत, आणि फाइल उचलून पलीकडे टाकायची. झालं काम.

ऐकायला सोपं आहे, म्हणूनच तर माझं दुकान चालतं.

कंधारला गणिताचे एक सर आहेत, निवृत्त. कोडी सोडवायचा खेळ खेळतात आणि प्रत्येक कोड्याला किती सेकंद लागले ते पाठ सांगतात. त्यांना फोनवरून मी फाइल पाठवायला शिकवलं. रोज निम्म्यावर तुटायचं. चाळीस टक्के, खलास. पंचेचाळीस टक्के, खलास. मी फोनवर ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. वायफाय बघितलं, राउटर बघितला, घरनंबर बघितला. सर शांतपणे म्हणायचे, "मॅडम, माझ्याकडून सगळं सूत्राप्रमाणं झालंय." शेवटी वैतागून एसटीत बसले आणि कंधार गाठलं. सरांनी माझ्यासमोर सगळं बिनचूक केलं. फाइल जायला लागली. तेवढ्यात सरांच्या मिसेस आतून आल्या, त्यांनी मशीन अलगद मिटलं, त्यावर दोऱ्याचं विणलेलं कव्हर घातलं आणि म्हणाल्या, "चालू हाय तवर धूळ नको बसाया."

त्यांच्या घरात टीव्हीला कव्हर, फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला प्लास्टिक. मग या महागाच्या मशीनवर त्या अन्याय कशा करतील? आणि हे मशीन मिटलं की झोपतं. झोपलं की दार बंद. मी हसत सुटले ते थांबेचना. सरांना राग आला, मिसेसना वाटलं कव्हर आवडलं. दुसऱ्या आठवड्यात माझ्या लॅपटॉपसाठी एक विणून आलं, जांभळं, झालरीचं. अजून वापरते.

दुसरे एक मुखेडकडचे पाहुणे होते. मी त्यांना फोनवर म्हटलं होतं, "फाइल हवेतून जाते, मध्ये अडथळा नको." ते मशीन घेऊन गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर चढून बसले. खालून त्यांचा पुतण्या लॅपटॉप घेऊन ओरडून राहिला, "काका, दिसंना!" काका वरून, "आरं मी दिसून राहिलो ना!" खरं दुखणं वेगळंच होतं. त्यांच्या नव्या राउटरमध्ये दोन वायफाय होते, एक नव्या जातीचा वेगवान आणि एक जुना संथ. या मशिनीला जुनाच दिसतो, वेगवान दिसतच नाही. लॅपटॉप एकावर, मशीन दुसऱ्यावर. टाकी मात्र त्या निमित्तानं साफ झाली, असं त्यांनीच सांगितलं.

अशा गोष्टी सांगायला लागले की मला चढतं. पण एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती, कारण तिच्यात चूक गिऱ्हाइकाची नाही, माझी आहे.

त्याआधी घरनंबरची एक खोड सांगायला हवी. तो घराचा नंबर असला तरी कायमचा नसतो. राउटर तो वाटतो. जो आधी येईल त्याला आधीचा, नंतर येईल त्याला नंतरचा. लाइट जाऊन आली की राउटर पुन्हा वाटायला बसतो, आणि मग कालचा पाच आज सहा होऊ शकतो. म्हणून माझा एक नियम आहे. नंबर नेहमी मशीनच्या पडद्यावर बघून टाकायचा, लिहून ठेवलेला वापरायचा नाही. हा नियम मी इतक्या लोकांना इतक्या चढ्या आवाजात सांगितलाय की कंधारच्या सरांनी तो वहीत चौकटीत लिहून ठेवलाय.

आता लातूर. महिन्यातून एकदा मी लातूरला जाते. माझी बहीण तिथं असते, तिच्याकडं मुक्काम करून दोन-चार घरची कामं उरकते. त्यातलंच एक घर गंजगोलाईच्या मागच्या बाजूचं, दोन मजली. डाळींच्या आडतीचे दोन भाऊ. थोरले खाली, धाकटे वर. भाऊ दिवसभर आडतीवर एकाच गादीवर बसतात. त्यांच्या बायका मात्र पाच-सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. घरी स्वामी आले होते, पाद्यपूजा वर झाली आणि खाली निरोप गेला नाही. धाकटी म्हणते निरोप धाडला होता. थोरली म्हणते धाडला असता तर मी बहिरी होते का? तेवढ्यावरून घराची वाटणी झाली. वाटणीत इन्व्हर्टर वर गेला आणि राउटर खाली आला. वायफायचा पासवर्ड मात्र दोन्ही मजल्यांना माहीत, तो बदलायचं कुणी नाव काढलं नव्हतं.

थोरल्या त्या शिवकांताबाई. सगळे अक्का म्हणतात. धाकट्या महानंदाबाई. दोघींच्या मुलांना आजोबांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकसारखी गेमची मशीनं घेऊन दिली होती. एक लाल, एक निळं. मुलं शिकली, नोकरीला लांब गेली, मशीनं मागं राहिली. आणि दुपारी आडतीवरचे डबे गेले की दोघी आपापल्या मजल्यावर, दार लावून, तोच एक खेळ खेळायच्या. त्यात मारामारी नाही, काही नाही. आपलं एक गाव असतं. झाडं लावायची, घर वाढवायचं, गावात राहायला येणाऱ्या जनावरांशी बोलायचं, त्यांना वस्तू द्यायच्या. अक्कांनी मला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा दाराला कडी घालून सांगितलं, "वरच्या मजल्याला कळू देऊ नगं. म्हणंल, म्हातारपणी खुळी झाली." तासाभरानं वरून बोलावणं आलं. महानंदाबाईंनीही आधी कडी घातली. "सुजाता, खाली बोलू नगंस. थोरलीला लई हसू येईल."

मला तर हसू दाबून दाबून पोटात दुखायला लागलं. दर महिन्याला मी खाली जाऊन अक्कांच्या गावाचं कौतुक ऐकायची आणि वर जाऊन महानंदाबाईंच्या. महानंदाबाईंनी नदीकाठी दगड रचून महादेवाचं देऊळ मांडलं होतं. सभोवती झाडं, मोजून एकशेआठ. ती पुरी व्हायला त्यांना चार वर्षं लागली होती. खेळात देऊळ नाहीच मुळी, ते त्यांनी स्वतःच्या डोक्यानं मांडलेलं. मला त्या झाडांचा नंबर सांगून दाखवायच्या, हे पन्नासावं, त्या वर्षी दिवाळीला लावलं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अक्कांना एक दिवस पडद्यावर काहीतरी विचारलं गेलं. इंग्रजीत होतं. त्यांनी नेहमीच्या जागेचं बटण दाबलं आणि गाव पुसून नवं, रिकामं रान समोर आलं. फोनवर त्या रडत नव्हत्या, ओरडत होत्या. "माझं गाव गेलं गं! तुझ्याकडं हाय का न्हाई?" होतं. अक्कांचं गाव मी दसऱ्याला काढून लॅपटॉपमध्ये ठेवलं होतं. महानंदाबाईंचं मात्र नाही. त्या दर वेळी म्हणायच्या, पुढच्या खेपेला, आज एक झाड लावायचंय.

त्या खेपेला मी हुशारी केली. ठरवलं, दोन्ही कामं एकाच बैठकीत. खाली बसून आधी अक्कांचं गाव त्यांच्या मशिनीत परत टाकायचं, मग तिथूनच वरच्या मशिनीतलं गाव काढून ठेवायचं. वायफाय एकच, मग जिना चढायचा-उतरायचा कशाला? आल्या आल्या अक्कांचं निळं वायफायला जोडून ठेवलं आणि वर गेले. महानंदाबाईंचं लाल मशीन उघडं ठेवलं, प्रोग्रॅम चालू केला, दार उघडलं. पडद्यावर नंबर आला, शेवटी सहा. पांढऱ्या चिकटपट्टीवर सहा लिहून मशीनच्या मागं चिकटवला. "मिटू नका," म्हटलं. खाली येऊन अक्कांच्या निळ्यात प्रोग्रॅम चालू केला, ते आधी जोडलेलं म्हणून त्याला आधीचा नंबर. शेवटी पाच. पट्टीवर पाच लिहिला.

आणि लाइट गेली.

अक्का म्हणाल्या, "येईल आत्ता, तवर खाऊन घे," आणि चुरमुऱ्यांच्या सुशीलाची ताटली पुढं केली. वर शेंगदाणे, लिंबू. अक्का सुशीला करतात तेव्हा बाकीचं जग थांबलं तरी चालतं. त्यांनी तोवर मशीन मिटून मांडीवर ठेवलं. लाइट आली तेव्हा माझ्या हाताला तेल होतं. राउटरचे दिवे लागले. अक्का गावाबद्दल बोलत होत्या, त्यांनी मशीन उघडलं, मी एका बोटानं पाच दाबला, गाव उचललं आणि पाठवून दिलं. लॅपटॉपनं विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर टाकू का? मी म्हटलं, ते अक्कांचं रिकामं रान असणार, टाक. शंभर टक्के. हिरवी खूण.

"खेळ उघडा," मी म्हटलं.

अक्कांनी उघडला. रिकामं रान.

मी निळ्या मशिनीत पुन्हा प्रोग्रॅम लावून पडद्यावरचा नंबर बघितला. शेवटी सहा.

वरचं लाल मशीन उघडं होतं, त्यानं राउटरकडं आधी धाव घेतली आणि पाच नंबर पटकावला. अक्कांचं मिटलेलं, झोपलेलं, त्याला नंतर सहा मिळाला. मी अक्कांचं गाव महानंदाबाईंच्या गावावर टाकलं होतं. देऊळ, एकशेआठ झाडं, सगळ्यावर.

मला तोंड उघडायला वेळच मिळाला नाही. वरून आवाज आला, "सुजाता! ए सुजाता!" आणि पाठोपाठ जिन्यावर पावलं. महानंदाबाई जायच्या-यायच्या बाहेरच्या जिन्यानं; पाच-सहा वर्षांत पहिल्यांदा त्या हा आतला जिना उतरल्या, त्याही तीन-तीन पायऱ्या टाकत. थेट आत आल्या. हातात लाल मशीन. समोर अक्का, हातात निळं मशीन. दोघी एकमेकींच्या हाताकडं बघत उभ्या.

"तू बी?" अक्का म्हणाल्या.

"मी बी म्हंजी? तुमी बी?"

मला वाटलं, आता हसतील. हसू कसलं! महानंदाबाई माझ्याकडं वळल्या. "माझं देऊळ कुठंय? माझी झाडं कुठंयत? हितं कुणाचं गाव बसवलंस? आणि हे काय हाय?" त्यांनी मशीन माझ्या नाकासमोर धरलं. पडद्यावर एक बकरी उभी होती. गावात राहायला आलेल्या जनावरांना आपण नाव देऊ शकतो, एखादं पालुपदही देऊ शकतो. बकरीचं नाव होतं महानंदा. इंग्रजी अक्षरांत, पण वाचता येण्याजोगं. आणि ती बकरी प्रत्येक वाक्याच्या शेवटी म्हणत होती, "मी नाही बोलत."

मी हसले. माझी चूक, माझ्यामुळं एवढा अनर्थ झालेला, आणि मी तिथं फसकन हसले. दोघींनी एकाच वेळी माझ्याकडं असं बघितलं की मी ताटली खाली ठेवली.

"मला बकरी केलंत व्हय अक्का?"

"बकरी शाणी असती," अक्का म्हणाल्या. "आणि माझं गाव तुझ्यात कसं आलं? चोरलालीस का?"

"मी चोरलाले? माझं देऊळ बुडवलं तुमी!"

तेव्हा मी मध्ये पडले आणि सगळं सांगितलं. पाच, सहा, लाइट, सुशीला. काही लपवलं नाही. महानंदाबाईंचं गाव माझ्याकडं कुठंही ठेवलेलं नाही, हेही सांगितलं. त्या मटकन खाली बसल्या. मग मी म्हटलं, पुसलेली फाइल कधीकधी कार्डातून परत काढता येते, पण त्यासाठी मशीन नांदेडला न्यावं लागेल, आणि तोवर कुणी हात लावायचा नाही. हे बोलत असतानाच लाइट पुन्हा गेली. महानंदाबाईंनी लाल मशीन पदरात गुंडाळून माझ्या हातात दिलं. त्यापेक्षा मला शिव्या चालल्या असत्या.

नांदेडला आल्यावर मी दुकानाला "आज बंद" ची पाटी लावली. स्क्रूच्या डोक्यावर रबराचा तुकडा ठेवून, वरून पेचकस दाबून, श्वास रोखून फिरवला. दोन्ही स्क्रू निघाले. त्या आनंदात मी टेबलावर ताल धरला. कार्ड काढलं, वाचायला लावलं. तीन दिवस लॅपटॉपवर प्रोग्रॅममागून प्रोग्रॅम. चौथ्या दिवशी महानंदाबाईंची फाइल सापडली, नाव बरोबर, तारीख बरोबर. मी दुकानात एकटीच ओरडले. शेजारचा झेरॉक्सवाला धावत आला, त्याला मी चहा पाजला. मग फाइल उघडली. पहिला भाग होता, पुढचा नव्हता. अक्कांच्या गावानं नेमकी तीच जागा घेतली होती. गावाचं नाव तेवढं आलं, गाव आलं नाही.

हात टेकले. अक्कांचं गाव तरी धड आहे का ते बघायला मी कार्ड परत बसवलं आणि लाल मशीन चालू केलं. गावात फिरले. कण्हेर, विहीर, चिंचेचं झाड. चालता चालता बकरीचं घर लागलं. आत गेले. आत पाय ठेवायला जागा नव्हती. पलंग, दोन कपाटं, झोपाळा, शिलाई मशीन, पेटी, तीन घड्याळं, भांडी, एकावर एक रचलेली. या खेळात जनावरांच्या घरात आपण दिलेलंच सामान असतं. दुसरं कुणी देत नाही. मी मशीन मिटलं आणि लातूरची गाडी पकडली.

मी जिन्याशी पोचले तर महानंदाबाई खालीच होत्या. अक्कांच्या स्वयंपाकघरात, भुईवर, शेंगा फोडत. पाच-सहा दिवस दोघींकडं गाव नव्हतं. दुपारी करायचं काय? आधी भांडायला म्हणून खाली आल्या, भांडून झाल्यावर देऊळ कसं रचलं होतं ते सांगत बसल्या. अक्कांना कितव्या झाडाला किती दिवस लागले हेही पाठ झालं होतं. एकशेआठातलं कुठलं वठलं होतं तेसुद्धा.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "गाव नाही निघालं. माझ्यामुळं गेलं. मला माफ करा."

महानंदाबाईंनी शेंग हातातच ठेवली. डोळे भरले, पण पदर लावला नाही. मला तिथून पळून जावंसं वाटलं. इतक्या वर्षांत मशीन बिघडलं म्हणून कुणाच्या डोळ्यात पाणी आलेलं मी पाहिलंय, पण माझ्या हातानं आणलेलं ते पहिलंच.

"चार वर्षं," त्या म्हणाल्या.

अक्का उठल्या, लाल मशीन माझ्या हातातून घेतलं, महानंदाबाईंच्या मांडीवर ठेवलं. "नदीकडची जागा रिकामी हाय माझ्या गावात. हितं मांड."

"मी न्हाई तुमच्या गावात येत."

"नगं येऊस. बघ तरी."

महानंदाबाईंनी नाक ओढलं, मशीन उघडलं. गाव आलं. बकरी भेटली, म्हणाली, मी नाही बोलत. महानंदाबाई तिच्या मागोमाग तिच्या घरात गेल्या. मग बराच वेळ त्या बटणच दाबेनात. पडद्यावर तो झोपाळा, ती घड्याळं, ती भांडी.

"एवढं सामान कशाला दिलंय हिला?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

अक्का शेंगा निवडत राहिल्या. "रोज रुसलेली असायची. काय तरी दिलं की एक डाव हसती. म्हणून द्यायची."

"रोज?"

"हाव. रोज."

मी कामाला लागले. त्याशिवाय मला दुसरं काही येत नाही. लॅपटॉप काढला, अक्कांचं निळं मशीन चालू केलं, या वेळी पडद्यावरचा नंबर दोनदा वाचला, बोटानं एकेक आकडा मोजला. हिरवी खूण आली, निळं मशीन लॅपटॉपला जोडलं गेलं. अक्कांचं गाव माझ्याकडं होतंच. "अक्का, तुमच्याही मशिनीत टाकते," मी म्हटलं. "मिनिटाचं काम. दोघींकडं गाव होईल. तुम्ही खाली, त्या वर, आपापलं खेळा."

अक्कांनी माझा हात धरला. बोट बटणावर होतं.

"नगं," त्या म्हणाल्या.

"अहो, पण तुमचं मशीन रिकामं राहील."

"राहू दे रिकामं. डोळ्याचं आप्रेशन झाल्यापासून त्याचा पडदा मला बारीक दिसतोय." दोन्ही पडदे एकाच मापाचे आहेत, हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. "लाल बरं हाय. गाव त्याच्यातच राहू दे. मी जाईन वर."

महानंदाबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "वर कशाला? गुडघे दुखतेत तुमचे. मी आणीन खाली." आणि पुन्हा पडद्यात डोकं घालून म्हणाल्या, "नदी कुठल्या अंगाला हाय अक्का? देवळाचा दगड आणायचाय."

मी जोडणी तोडली आणि लॅपटॉप मिटला. तेवढ्यात आडतीवरून थोरले शेठ घरी आले. भुईवर डोक्याला डोकं लावून बसलेल्या दोन बायका आणि शेजारी मी, हे बघून ते उंबऱ्यातच थबकले आणि मला दबक्या आवाजात म्हणाले, "काय दुरुस्त केलंत हो मॅडम?"

"काही नाही," मी म्हटलं. "एक मशीन बंदच ठेवलंय."